फिलोमिनाबाईंची पुस्तकगाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, मी सतरा वर्षं फिरतं वाचनालय होते. मूळची मी पाववाल्याची. सुताराने माझ्या पोटात फळ्या ठोकल्या, बाहेरून हिरवा रंग दिला. पण पावाचा वास काही गेला नाही. मुलं पुस्तक हातात आलं की आधी हुंगत.

मला पॅकी टाय नावाचा ड्रायव्हर चालवत असे आणि पुस्तकं देत फिलोमिना रुएन. बाई अबोल होत्या. डब्यातली अंड्याची सँडविचं खातानाही नजर पुस्तकात.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात माझं मागचं चाक दलदलीत रुतलं. चहूकडे चिखल, त्यामुळे ट्रॅक्टर येईपर्यंत पुस्तकं घ्यायला चढलेली आठ मुलं माझ्यात अडकून पडली. माझ्यातली मुलांची सगळी पुस्तकं त्यांनी केव्हाच वाचलेली. कॉन्सेप्टा नावाची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाई, या गोष्टींतल्या सगळ्या मुलांकडे पांढरी तट्टं असतात. आमच्याकडे गाढव आहे. त्याची गोष्ट नाही का कुठे?"

बाईंनी फळ्यांवर नजर फिरवली. तशी गोष्ट नव्हतीच. मग त्या स्वतःच सांगू लागल्या: जळण वाहणारं एक गाढव, पुलापाशी आलं की हटून बसणारं. ट्रॅक्टर आला तरी कुणी उतरेना.

पुढच्या खेपेला मुलं पुस्तकं परत करायच्या आधी गाढवाचं काय झालं ते विचारू लागली. तेव्हापासून बाई जेवणाच्या सुट्टीत माझ्या मागच्या फळीवर वही ठेवून लिहीत. पॅकी वाकून वाचायचा आणि बजावायचा, "बाई, गाढव मेलं ना, तर तुमची गाडी तुम्हीच चालवा."

गोष्ट पुरी झाली, डब्लिनच्या एका प्रकाशकाकडे गेली. त्याचं उत्तर बाईंनी मुलांना वाचून दाखवलं. पुस्तक छापू, पण गाढवाचं तट्टू करा आणि दलदलीऐवजी शहर घाला. बाईंचा आवाज खाली गेला होता. आपलं पुस्तक छापून यावं, हे इतकी वर्षं मनात बाळगलेलं स्वप्न दाराशी आलं होतं. एवढा बदल करायला काय हरकत, असं त्यांनाही वाटत असावं.

कॉन्सेप्टाच्या घरचे त्या महिन्यात कायमचे इंग्लंडला निघाले होते. ती माझ्या पायरीवर बसून म्हणाली, "तट्टू केलंत तर तिकडच्या मुलींना मी काय दाखवू, बाई? हे आमचं गाव, असं कसं सांगू?"

बाईंनी पत्राची घडी घातली आणि त्याच दुपारी नकार लिहिला. पॅकीने टपालपेटीपाशी मला आपणहून थांबवलं.

त्यानंतर चार वर्षं कुणी विचारलं नाही. अखेर गॉलवेच्या एका छोट्या छापखान्याने पुस्तक काढलं, गाढवासकट. पहिली प्रत बर्मिंगहॅमला कॉन्सेप्टाकडे गेली, दुसरी माझ्या फळीवर आली. बाईंनी पुढे अकरा कादंबऱ्या लिहिल्या, बक्षिसं मिळवली, पण नोकरी सोडली नाही. म्हणत, ऐकणारे इथे आहेत, मी घरी बसून कुणासाठी लिहू?

मग वाचनालयाने नवी गाडी घेतली आणि मी एका गोठ्यामागे गेले. कोंबड्यांनी कादंबऱ्यांच्या फळीवर अंडी घातली. खोटं का सांगू, तेव्हा वाईट वाटलं. पण त्यांची ऊबही गोड होती.

बाईंनीच मला शोधून काढलं. काठी टेकत आल्या, माझ्या फळीवरून हात फिरवला आणि शाळेच्या आवारात आणून उभं केलं. आता मला इंजिन नाही. मुलं मात्र रोज पुस्तकं घ्यायला येतात. मला आणखी काय हवं?

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. पाय पुसून आत या, पान दुमडू नका, आणि उशीर झाला तरी पुस्तक परत आणा. तुमच्या हातातल्या गोष्टीसाठी कुणीतरी माझ्या पायरीवर वाट पाहत बसून असतं.