खिशातला किलो

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीचा नव्हे, माणसांचा. खाली उभं राहायला चौकोनी पाट, मागे उंच खांब आणि खांबावर आडवी दांडी. दांडीवर दोन वजनं सरकतात, एक थोरलं, एक धाकटं. दांडी मधोमध स्थिरावली की समजायचं, मी खरं ते सांगितलं.

मला एका म्हाताऱ्या फिटरने घडवलं. माझ्या दांडीवरच्या रेघा त्याने चष्मा कपाळावर सारून, डोळे बारीक करून एकेक तपासल्या. तिथून मी थेट बायकांच्या दवाखान्यात आलो. आतल्या खोलीत खिडकीशी मला उभं केलं आणि माझा संसार सुरू झाला.

किती पावलं पडली माझ्यावर! कुणी चपला काढायची, कुणी बांगड्या. एक शिक्षिका तर चष्मासुद्धा काढून ठेवायची आणि मग आकडा दिसत नाही म्हणून सिस्टरलाच विचारायची. सिस्टर म्हणजे तिथली जुनी नर्स. ती रोज सकाळी मला पुसायची, दांडी शून्यावर आणायची आणि नव्या मुलींना सांगायची, "याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा." ते ऐकून मी मनातल्या मनात ताठ व्हायचो.

एके दिवशी एक इस्त्रीवाली आली. लग्नाला चार वर्षं झालेली, अजून मूल नाही, बरोबर सासू. दोघी मिळून लाँड्री चालवायच्या. सासू मळके कपडे किलोवर तोलून घ्यायची आणि ही दिवसभर उभ्याने इस्त्री फिरवायची. ती माझ्यावर चढली, तेव्हा क्षणभर मला वाटलं, अजून दुसरा पाय ठेवायचा राहिलाय. एकोणचाळीस किलो!

सासूने तोवर पिशवीतून एक पुडी काढली होती. "ओळखीच्या बाईने दिलीय. झाडपाल्याची आहे, महिन्यात गुण येतो म्हणे."

डॉक्टरबाईंनी पुडी हुंगली आणि बाजूला ठेवली. "यात काय काय आहे, हे देणारीला तरी ठाऊक आहे का? झाडपाल्याचं म्हणजे निर्धोकच, असं नसतं." मग त्या इस्त्रीवालीकडे वळल्या. "पाळी कधी आली होती?"

"सात महिने झाले," ती पुटपुटली.

"शरीर फार शहाणं असतं, बाळ. स्वतःलाच पुरत नसेल, तर ते पाहुणा बोलवत नाही. आज रक्त तपासू, थायरॉइड पाहू. बाकी औषध तुझ्याच घरात आहे. तीन वेळा पोटभर जेवायचं. डाळ, अंडी, पालेभाजी, फळं, दूध. दुपारी पाय पसरून बसायचं, पुरेसं झोपायचं. आणि बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ही फॉलिक ॲसिडची गोळी आत्तापासूनच. दिवस राहिल्यावर सुरू केली तर थोडा उशीर होतो. पुढच्या वेळी नवऱ्यालाही आण."

"त्याला कशाला?" सासू म्हणाली. "तो चांगला धडधाकट आहे."

"मग तपासायला काय हरकत आहे?"

सासू जाता जाता माझ्यावर उभी राहिली, आकडा पाहिला आणि म्हणाली, "हा काटा खोटारडा आहे!"

दुसऱ्या महिन्यात इस्त्रीवाली जेमतेम अर्धा किलो वाढली होती. तिसऱ्या महिन्यात ती स्वेटर घालून आली. सिस्टरने दांडी सरकवली. "साडेचाळीस! वा गं वा!"

मी मात्र गोंधळलो. वजन वाढलं होतं, पण पाऊल तेच होतं, तसंच हलकं, तसंच थरथरतं. इतक्यात ती उतरायला वाकली आणि ठण्णकन काहीतरी माझ्या पाटावर पडलं. अर्ध्या किलोचं लोखंडी वजन! दुसरं दुसऱ्या खिशात होतं.

सिस्टरला आधी हसू फुटलं. मग तिने इस्त्रीवालीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू विरलं.

"का गं?"

"घरी गेलं की पहिलं विचारतात, किती वाढलं? काय सांगू?" तिचे डोळे भरून आले. "सगळ्यांचं झाल्यावर मी जेवते, सिस्टर. तोवर भूक मरते. कधीकधी पातेलंच रिकामं असतं. मग चहा-बिस्किटावर भागवते."

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरून सासू उठून आत आली. तिने वाकून वजन उचललं. "अगं, सकाळपासून हेच शोधतेय मी! दोन गिऱ्हाइकं परत पाठवली."

कुणीच हसलं नाही. सासूने बाहेरून सगळं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "मीही जन्मभर अशीच जेवले. वाटलं, बाईने असंच जेवायचं असतं. चूक झाली, पोरी. उद्यापासून बाराच्या ठोक्याला इस्त्री बंद. आधी तुझं ताट, मग माझं, आणि तो आला की घेईल स्वतःच्या हाताने वाढून."

"आई, अहो..."

"अहो-बिहो काही नाही. बाराच्या ठोक्याला!"

त्यानंतरची मजा काय सांगू, मित्रांनो! एकेचाळीस, बेचाळीस, साडेत्रेचाळीस. नवराही येऊ लागला. तो बस चालवायचा आणि वाफेच्या इंजिनासारखा सिगारेटी फुंकायचा. डॉक्टरबाईंनी त्याच्या शुक्राणूंचा रिपोर्ट समोर ठेवून स्पष्ट सांगितलं, "सिगारेट आजपासून बंद. फरक दिसायला तीनेक महिने लागतील, धीर धरा." दोनदा त्याचा निश्चय मोडला, तिसऱ्यांदा टिकला. संध्याकाळी दोघं मैदानाला फेऱ्या मारू लागले. सासू सांगायची, "चार वर्षांत बोलले नाहीत एवढं हल्ली बोलतात!"

सातव्या महिन्यात इस्त्रीवाली आत आली ती चपला न काढताच माझ्यावर चढली. "सिस्टर, आली! पाळी आली!" सिस्टरने टाळी वाजवली. पंचेचाळीस किलोंची ती हसरी बाई माझ्यावर डुलत होती आणि माझी दांडी काही केल्या स्थिर होईना.

डॉक्टरबाईंनी हमी कधीच दिली नाही. सगळं नीट करूनही काहींना आणखी उपचार लागतात, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो, हे त्या प्रत्येकीला सांगत. पण या घरी गोड बातमी आली. पुढच्या पावसाळ्यात सिस्टरने दांडी सरकवता सरकवता म्हटलं, "आता हे वजन दोघांचं बरं का!"

यथावकाश मुलगी झाली. पुढे दवाखान्यात आकडे उजळणारा नवा काटा आला. मला बाहेरच्या बोळात ठेवलं. माझ्या खांबावर छत्र्या टांगल्या गेल्या, पाटावर बादली आली, सांध्यांत गंज चढला. मी रुसलो नाही म्हटलं तर खोटं होईल. पण बाकावर बसलेल्या बायकांची पोरं बादली सरकवून माझ्यावर उड्या मारतात, तेव्हा दांडी अजूनही टकटक करते आणि गंजातूनही मला गुदगुल्या होतात.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला पुसा अगर पुसू नका. पण तुमच्या घरात एखादी काकू, वहिनी किंवा ताई बाळाची वाट पाहत असेल, तर "काही बातमी?" असं तिला विचारू नका. "जेवलीस का?" एवढंच विचारा. आणि उत्तर "नंतर जेवेन" असं आलं, तर तिचं ताट तुम्हीच वाढा.