खिंड ओलांडून आलेली पिशवी

"हे कोणी खरं मानणार नाही," मास्तरांनी पानाताईच्या टेबलावर पिशवी ठेवत जाहीर केलं, "पण आमची ही एकसष्टाव्या वर्षी सायकलवरून खिंड ओलांडून आली. आणि वाटेत तिने टायर शिवला. सुईदोऱ्याने! सदऱ्याला गुंडी लावावी तसा."

पानाताईने मान वर केली नाही. ती एका चाकाच्या तारा आवळत होती. सायकलदुरुस्तीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि पाना हातात नसला तर खिशात असायचाच, म्हणून सगळे तिला याच नावाने ओळखत.

"मास्तर, मागे तुम्ही एक विजार तीन मिनिटांत शिवली होतीत. तेही मानलं नव्हतं मी."

"चार मिनिटं. काजाचं एक मिनिट तू धरत नाहीस."

मास्तरांचं शिवणाचं दुकान शेजारीच, मध्ये एक भिंत. अडतीस वर्षं त्यांनी कोट, विजारी, सदरे शिवले. आता लोक तयार कपडे घेत आणि मास्तरांकडे फक्त विजारीच्या पायाची लांबी कमी करायला येत. अडतीस वर्षांचा हात, आणि काम काय, तर चार बोटं कापड दुमडायचं! मग बायकोने निवृत्तीनंतर पानाताईकडून खडीच्या रस्त्यांवर चालणारी सायकल घेतली. वाकडं हँडल, रुंद गाठीदार टायर आणि फ्रेमच्या मधोमध रिकामा त्रिकोण. त्या त्रिकोणाने मास्तरांना झपाटलं. सात वेळा कागद बेतला, सात वेळा फाडला. शेवटी तंबूच्या जुन्या कापडाची, मेण लावलेल्या दोऱ्याची अशी पिशवी उतरली, की फ्रेममध्ये बसवल्यावर मध्ये नखही शिरेना.

आता ती पिशवी एका लोखंडी आकड्यावर लागायला हवी होती. पानाताईच्या दुकानात मागच्या भिंतीवर आकड्यांची एक रांग होती. खिंड ओलांडून धडधाकट परत आलेलं सामानच तिथे टांगलं जाई, बाकीचं खाली खोक्यात. डोंगरात जाणारं गिऱ्हाईक आधी भिंत बघे, मग बोले. कारखान्यातल्या दोन नावाजलेल्या पिशव्या सध्या खोक्यात पडल्या होत्या, एकीची चेन गेलेली, दुसरीचा पट्टा तुटलेला. मास्तर रोज जाता-येता त्या खोक्याकडे बघून गालातल्या गालात हसत. पण भिंतीवर आपलं काही नाही, हे त्यांना रोज बोचतही असे.

"बरं, सांगा," पानाताई म्हणाली. "पण सरळ सांगा."

"सरळ? तो रस्ता तरी कुठे सरळ आहे! नारळाएवढे दगड. चढ असा, की सायकलची सावलीसुद्धा धापा टाकत मागे राहिली. हिने टायरमधली हवा कमी केली..."

"ते मी सांगितलं होतं काकूंना."

"म्हणूनच केली ना! फुगलेला टायर दगडावरून उडतो, मऊ टायर दगडाला मिठी मारतो. पुढे दोन जवान मंडळी होती, अंगाला चिकटलेले कपडे घातलेली. त्यांच्या पिशव्या खडखड खडखड वाजत होत्या. आणि आमची पिशवी? आत चार किलो सामान, पण हूं की चूं नाही. ही त्यांच्या शेजारून पुढे निघून गेली, तेव्हा त्यांना वाटलं वारा गेला."

पानाताईचे ओठ किंचित हलले. मास्तरांना तेवढं पुरे होतं.

"खिंडीच्या माथ्यावर एक गरुड झेपावला. पिशवी पंज्यात धरली आणि सायकल उचलायला लागला."

"गरुड?"

"बरं, घार."

"मास्तर."

"बरं बाई, कावळा होता. पण चांगला दांडगा होता! चोच मारली, पिशवीला ओरखडा नाही."

एवढ्यात बायको सायकल ढकलत आत आली. मागचं चाक पानाताईला दाखवायचं होतं. मास्तरांचा आवाज जरा खाली आला, पण आता थांबणं अवघड होतं.

"उतारावर टायर फाटला," ते म्हणाले. "धारदार दगड, कडेला बोटभर चीर. बिनट्यूबचा टायर, आतलं भोकं बुजवणारं चिकट औषध सगळं बाहेर. तिथून वस्ती अठरा किलोमीटर."

"अकरा," बायको म्हणाली.

"घाबरली का? नाव नको. शिंप्याची बायको ती! कॉलरमध्ये सुई असतेच हिच्या. आणि..." इथे मास्तरांनी बायकोकडे चोरून बघितलं. "आणि खिशात दोऱ्याचं रीळ. बसली दगडावर, घातले नऊ टाके, आत नवी ट्यूब भरली आणि आली उतरून. पिशवीचा एक टाकासुद्धा हलला नाही. जशी गेली तशी आली."

पानाताई उठली. आधी तिने मागच्या चाकाशी बसून ते नऊ टाके बघितले, अंगठ्याने दाबून, ओढून. एकही ढळला नाही. "काकू, कमाल आहे तुमची," ती म्हणाली. पदर असता तर खोचला असता, अशी बायको ताठ उभी राहिली.

मग पानाताईने पिशवी उचलली, आतली बाजू उलटी केली आणि खिडकीपाशी नेली. मास्तर टेबलावरची धूळ बोटाने पुसू लागले.

"मास्तर, या बाजूचा दोरा डोंगरातल्या धुळीने काळवंडलाय. आणि तळाची ही शिवण पांढरीशुभ्र कशी?"

मास्तरांनी धुळीचं बोट सदऱ्याला पुसलं.

"काकू?"

"रीळ कसलं बोडक्याचं!" बायको म्हणाली. "रीळ मशीनवरच राहिलं होतं. पिशवीची तळची शिवण उसवली मी, तो दोरा काढला आणि त्याने टायर शिवला. सामान पाठीला बांधून आणलं. यांनी बघितलं आणि तोंड एवढंसं झालं. म्हणे, उसवलेली पिशवी लोकांनी बघितली तर शिंप्याची अब्रू काय राहील? काल सकाळी दार लावून परत शिवत बसले."

"शिवण उसवली की उसवली," मास्तर पुटपुटले. "कोणी उसवली ते कोण विचारतंय?"

पानाताईने टेबलावरचं तारांचं चाक बाजूला सारलं, स्टुलावर चढली आणि रांगेतल्या सगळ्यात वरच्या आकड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल अशी, पिशवी अडकवली. मग तिथूनच ओरडली, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्याने:

"अहो थापाडे मास्तर! कावळ्याचा गरुड करता, अकराचे अठरा करता, आणि तुमच्या दोऱ्याने अख्खी सायकल डोंगरावरून खाली आणली, एवढी एकच खरी गोष्ट घडली, तर नेमकं तिच्याबद्दलच खोटं बोलता?"