तीन टाळ्यांची हाक

रबर एकाच बाजूनं झिजलंय... म्हणजे आपण पेन्सिल नेहमी तिरकीच आपटतो, आणि हे इतक्या वर्षांत आज दिसावं, तेही ताईच्या जेवणाच्या टेबलावर! तिनं पेन्सिल उलटी धरून उद्या वर्गात शिकवायचा शब्द पुन्हा टेबलावर तुकड्यातुकड्यानं वाजवला. कोन-बो-कार. स्पॅनिशमध्ये, सगळ्यांना बोलावून घेणं. शेजारच्या कार्डांवर 'बोस' म्हणजे आवाज, 'प्रोबोकार' म्हणजे डिवचणं, 'एकिबोकारसे' म्हणजे चुकणं. सगळी एका लॅटिन मुळाची भावंडं, आणि त्या मुळाचा अर्थ हाक मारणं. स्पॅनिशमधला वकील, 'आबोगादो', तोसुद्धा याच घरातला, मदतीला बोलावलेला माणूस. फक्त त्यानं रूप इतकं पालटलंय की ओळख पटत नाही.

हाक मारणं. नेमका हाच धडा आज हाताशी यायचा होता.

समोरच्या खुर्चीत ताई. पक्षाघाताचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर ठेवलेला, वाचा गेलेली. तिला कळतं सगळं, असं वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणतात; शब्द तेवढा बाहेर पडत नाही. ताईची मुलगी ऑफिसला जाताना बजावून गेली होती की दुपारी आईचा डावा हात धरायचा, एकेक शब्द म्हणायचा आणि त्याचे तुकडे तिच्या हातावर बोटानं वाजवायचे, बाईंनी तसंच सांगितलंय. मावशी, तुझं तर रोजचंच काम, म्हणाली. पोरीला काय ठाऊक, की आमच्या आईचं आजारपण आणि मरण दोन्ही आटोपल्यावर मला फोन करणाऱ्या या ताईच्या हाताला मी त्यानंतर बोटसुद्धा लावलेलं नाही.

आई आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती, इथंच, या गावात. आठवडा! मी तेव्हा फळ्यासमोर उभी राहून लोकांकडून शब्दांच्या टाळ्या वाजवून घेत होते — आणि वर नातेवाइकांत ताईच सांगत फिरली, धाकटीला वर्गातून सवड कुठाय. का नाही कळवलंस, म्हणून विचारलं तर म्हणाली, नंतर बोलू. ते नंतर कधी उजाडलं नाही. इतकी वर्षं मी राग जपून ठेवला होता, धार लावून, एक दिवस समोर बसवून उत्तर काढीन म्हणून. आणि आता ताई समोर बसलीये तर तोंडाला कुलूप. भांडायचं तरी कुणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ.

तिनं कार्डं जोरात एकावर एक रचली. वर्गात एक दंतवैद्य बाई येतात. मागच्या तासाला त्यांनी विचारलं होतं, मूळ 'बोक' असताना तुम्ही 'बो' आणि 'कार' असा बरोबर मुळावरच घाव का घालता, आम्ही तर मूळ वाचवायला जिवाचं रान करतो. सगळा वर्ग हसला. हिनं सांगितलं की जीभ मूळ बघत नाही, श्वास बघते. टाळ्या वाजवा, आपोआप कळेल.

टाळ्यांनी शब्दाचे तुकडे पाडायची ही पद्धत तिचीच, असं सगळे म्हणतात. तिनंही कधी कबूल केलं नाही की ती आईची आहे. आईचा आवाज मुळात बसका, अंगणापलीकडे पोचायचा नाही, म्हणून ती टाळ्या वाजवून बोलवायची — ताईच्या नावाच्या दोन, हिच्या नावाच्या तीन. ऐकलं की असाल तिथून ओ द्यायची. भांडून रुसून ही पाण्याच्या टाकीमागं बसली की ताईलाच पाठवलं जायचं, आणि ताई यायची, तोंड फुगवून, न बोलता तीन टाळ्या वाजवायची. ओ दिली की भांडण मिटलं असं घरात धरलं जायचं. म्हणून ही कितीतरी वेळ ओ द्यायचीच नाही.

चला. तिनं ताईचा डावा हात ओढून घेतला. गरम होता, का कोण जाणे, गार असेल असं वाटलं होतं. पा-णी. ताईचे ओठ हलले, हवा आली. पा-णी. खिड-की. पुन्हा हवा. ती शहाण्यासारखी प्रयत्न करत होती, कपाळावर घाम, आणि तो प्रयत्न बघून हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकी म्हणायला एवढी धडपड, आणि जीभ धडधाकट होती तेव्हा?

"का नाही कळवलंस मला?"

प्रत्येक तुकडा तिनं त्या हातावर वाजवला. हलक्या बोटानं वाजवायचं असतं; तसं काही जमलं नाही.

ताईचं तोंड उघडलं, वाकडं झालं, मिटलं. मग डावा हात उलटा झाला आणि त्यानं हिचं मनगट पकडलं. अंगठा वर उचलला गेला आणि मनगटावर पडला. एक... दोन... बराच वेळ काही नाही... तीन.

नक्कल असेल. नुसता व्यायाम. पण नक्कल असती तर ठोके कितीतरी जास्त पडले असते, हे तिला, निदान तिला तरी, कुणी सांगायची गरज नव्हती. अंगठा पुन्हा उचलला गेला. तीन.

"आता बोलावतेस?" तिचा आवाज फाटला. "आई होती तेव्हा हात झडले होते का तुझे?"

ताईनं नजर खाली घातली नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्यावर हिचा विश्वास नव्हता. झटक्यानंतर डोळे असेच भरून येतात, वाचा-उपचारवाल्या बाई म्हणाल्या होत्या. कारण मिळणार नव्हतं. आजही नाही, कदाचित कधीच नाही. तरी राग जागचा हलला नव्हता, उलट आता त्याला वाट बघायला पुढचा दिवससुद्धा उरला नव्हता. सगळा इथंच होता, या टेबलाशी, या मनगटात.

ओ घशापर्यंत आली. तिनं दात आवळून ती तिथंच अडवली. हात मात्र तिनं सोडवून घेतला नाही, आणि ताई पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागली.