रजेच्या खिडकीपुढचा बाक

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका कापड गिरणीतला जुना बाक आहे. टाइम ऑफिसात रजेची खिडकी आहे, तिच्यापुढे मी उभा असतो. गिरणीच्याच सुताराने मला बाभळीच्या फळ्यांतून घडवले. "हत्ती बसला तरी मोडायचा न्हाय!" असे तो म्हणाला, तेव्हा मी अभिमानाने फुगलो होतो.

चौऱ्याहत्तर साली रत्नम्मा माझ्यावर येऊन बसली. ती सूत गुंडाळायच्या खात्यात होती. लग्नाला चौदा वर्षे झाली, तरी कूस उजवली नव्हती. शेवटी तिने आणि तिचा नवरा ईश्वरप्पा याने अनाथाश्रमातली दीड वर्षांची एक मुलगी दत्तक घ्यायचे ठरवले. पोर फार बुजरी होती. आश्रमाच्या बाईंनी सांगितले, "पंधरा दिवस रोज येऊन बसा. पोर रुळली तरच देऊ."

रत्नम्माने शिल्लक होती तेवढी आठ दिवसांची रजा घेतली. आठव्या दिवशी पोरीने तिच्या हातून दूधभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी रत्नम्मा धावतच खिडकीशी आली.

"सायेब, आनिक सात दिस द्या की! बिनपगारी द्या."

रजेचे कारकून आबासाहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, बाळंतपणाची रजा असते. तुला बाळंतपण आहे का?"

"न्हाय वो. पर आई व्हायचंय की मला."

"ते नियमात नाही. न सांगता राहिलीस, तर नाव कमी होईल."

ईश्वरप्पाचा माग बंद पडला होता. रत्नम्माची नोकरी गेली असती, तर आश्रमाने पोर दिलीच नसती. ती कामावर गेली. पाळी सुटेपर्यंत आश्रमातली भेटीची वेळ संपलेली असे.

गिरणीच्या सुटीला ती आश्रमात गेली. नंतर माझ्यावर बसून तिने ते सोबतिणीला सांगितले. पोर दोन दिवस दाराकडे बघून रडली. तिसऱ्या दिवशी रडायची थांबली. रत्नम्माने हात पुढे केले, तेव्हा तिने बाईंच्या पदरात तोंड लपवले. "हिला पुन्हा असं ताटकळवणार नाही," म्हणून बाईंनी दत्तकाचा अर्ज परत दिला.

तेवढ्यात आबासाहेब बाहेर आले. रत्नम्माने त्यांना हळूच विचारले, "सायेब, माजी लेक हून ती मेली असती, तर सुतकाचे चार दिस मिळाले असते न्हवं?"



त्यानंतर रत्नम्मा कधी रजा मागायला आली नाही. माझ्या फळ्या आता सैल झाल्या आहेत. मला कुणी दुरुस्त करावे, असेही वाटत नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातले कुणी अशा खिडकीमागे बसेल. समोरची बाई लेकरासाठी दिवस मागेल. ते लेकरू कुठून आले, हे विचारू नका. आईची ओळख पटायला लेकराला वेळ लागतो. तेवढा वेळ तिला द्या.

रत्नम्माला सात दिवस कमी पडले.