चुका आणि पिना

जुन्या सोफा-खुर्च्यांचं कापड बदलून देणारी ती बाई, सारी गल्ली तिला कुशनवालीच म्हणायची. एका मंगळवारी दुपारी तिच्या दुकानात पोलीस शिरले. त्यांनी एका काळ्या आरामखुर्चीची पाठ चाकूने फाडली आणि आतून भुकटीच्या पाच पुड्या काढल्या. कुशनवाली हातातली कात्री खाली ठेवायचीही विसरली. "हे माझं नाही हो," एवढंच ती म्हणाली आणि पुढ्यात आलेल्या कागदांवर न वाचताच सह्या करून बसली.

तिचा नवरा बस चालवायचा. शहरातला रस्ता न् रस्ता त्याला पाठ, पण कोर्टाच्या आवारात तो पार भांबावला. "अमली पदार्थ? अवघड आहे," म्हणत तीन वकिलांनी मान हलवली. शेवटी आवारातल्या झेरॉक्सवालीने त्याला मोफत कायदेशीर मदतीच्या खोलीकडे पिटाळलं.

तिथल्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. "साहेब, उपकार होतील," नवरा अजिजीने म्हणाला.

"उपकार कसले? हक्क आहे तिचा. फक्त अक्षर नीट काढा. सकाळी अर्ज देऊन गेलेल्या माणसाचं नाव मला अजून वाचता आलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीतून नेमलेल्या वकीलबाई तुरुंगात भेटायला आल्या. किडकिडीत बांधा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पुड्या कुणाच्या, असं त्या विचारतील म्हणून कुशनवाली अंग चोरून बसली होती.

"पोलिसांनी काहीही विचारलं, तरी मी समोर असल्याशिवाय बोलायचं नाही. आणि न वाचता सही तर नाहीच नाही," त्यांनी आधी बजावलं. मग वही उघडली. "आता सांगा, खुर्ची उघडतात कशी?"

"म्हणजे?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पहिल्यापासून सांगा."

कुशनवालीने टेबलावरच हात चालवून दाखवले. "उलटी करायची. खालचं फडकं काढायचं. मग चुका उपटायच्या."

"चुका?"

"बारीक खिळे हो. जन्मभर मी चुकाच तर मारत आलेय."

वकीलबाईंचं पेन थबकलं. "हे वाक्य तेवढं कोर्टात नको." दोघीही हसल्या. अटकेनंतर कुशनवाली पहिल्यांदाच हसत होती.

"चूक मारली की लाकडाला भोक पडतं," ती आता रंगात आली. "भोकं बघून मी सांगते, खुर्ची कितीदा उघडलीय ते."

"या खुर्चीची पाठ तुम्ही उघडली होती?"

"हातसुद्धा लावला नव्हता. गिऱ्हाइकाला नुसती बैठक बदलून हवी होती. पावतीपुस्तकात तसं लिहिलंय."

"मग पाठ बंद कशाने केली होती?"

कुशनवालीने डोळे मिटले. खुर्ची दुकानात आली तेव्हा तिने सवयीने मागून बोट फिरवलं होतं. "पिनांनी. यंत्राने ठोकतात ना, त्या. मला नाही आवडत ते काम. तसलं यंत्रच नाही माझ्याकडे."

वकीलबाईंनी पिशवीतून पंचनामा काढला. पोलिसांनी दुकानातली वस्तू न् वस्तू लिहून घेतली होती. हातोड्या दोन, वाकड्या सुया चार, कात्र्या, चुकांचा डबा, इतकंच काय, कान तुटलेला कपसुद्धा. वकीलबाईंनी ओळीओळीवर बोट ठेवून ती यादी दोनदा वाचली. पिना ठोकायचं यंत्र कुठेच नव्हतं.

जामिनाच्या सुनावणीला त्यांनी खुर्ची कोर्टात मागवली. न्यायाधीश आसनावरून पुढे झुकले. तपास अधिकारी तर बॅटरी घेऊन गुडघ्यांवरच बसला. पाठीचं कापड मधोमध फाटलं होतं, पण कडेच्या पिना जशाच्या तशा होत्या.

"मग शेजारची ही जुनी भोकं कशाची?" अधिकाऱ्याला विचारल्यावाचून राहवलं नाही.

न्यायाधीशांच्या परवानगीने कुशनवालीच बोलली. "पहिल्या कापडाच्या चुकांची, साहेब. ती पाठ नंतर कुणीतरी उघडली आणि पिना मारून बंद केली."

"यंत्र लपवलं असेल," सरकारी वकील म्हणाले.

"तुटका कप सापडतो आणि यंत्र सापडत नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

जामीन मिळाला. पुढे अधिकाऱ्याने त्या गिऱ्हाइकाला गाठलं आणि त्याने ज्या गोदामातून खुर्ची विकत घेतली होती तिथपर्यंत माग काढला. तिथे यंत्रही मिळालं आणि तशाच पुड्याही. चार महिन्यांनी कुशनवालीचं नाव प्रकरणातून निघालं.

त्या दिवशी मदतीच्या खोलीत नवऱ्याने कारकुनाला हात जोडले. कुशनवालीने मात्र मनात घोळत असलेलं वकीलबाईंना विचारून टाकलं, "मी खरं बोलतेय असं तुम्हाला पहिल्या दिवशीच वाटलं होतं?"

"छे, मला काय ठाऊक? म्हणून तर विचारत होते."

बाहेर बाकावर पुढचा माणूस ताटकळत होता. तो मधमाश्या पाळायचा. मधाच्या पेट्यांत कुणाला काहीतरी सापडलं होतं म्हणे. कुशनवाली बाहेर पडताच वकीलबाईंनी त्याला आत घेतलं. "आता सांगा, पेटी उघडतात कशी?" कुशनवालीलाही ते ऐकायचं होतं, पण बाईंनी दार लावून घेतलं.