खरे पन्नास

अंबिकाची रॅकेट येते, अंबिका येत नाही. नांदेडहून दुपारची एसटी लातूरच्या स्टँडात शिरली की कंडक्टर खिडकीतूनच पिशवी दाखवतो. "शिवमूर्ती अण्णा, आली बघा तुमची लेक!" मी हसतो. दर वेळी त्याच विनोदाला हसणं हेही एक कामच आहे.

पिशवीत टेनिसची रॅकेट आणि एक चिठ्ठी असते. पहिल्या चिठ्ठीत होतं, 'उभ्या तारा कडक, आडव्या मऊ. पन्नास पाउंड.' बस्स. कसे आहात, जेवलात का, काही नाही. फोनवर ते सगळं विचारते म्हणा, पण फोनवर विचारलेलं मला पोचत नाही.

माझं खेळाच्या सामानाचं दुकान क्लासेसच्या गल्लीत आहे. इथल्या पोरांना खेळायला फुरसत कुठली? कॅरमची पावडर आणि प्लास्टिकचे चेंडू विकून दिवस जातो. तारा घालायचं, म्हणजे गटिंगचं, मशीन मात्र मी फक्त अंबिकासाठी घेतलं होतं.

माझे वडील दोरीच्या बाजा विणायचे. ताठ बाज म्हणजे चांगली बाज, एवढंच ज्ञान घेऊन मी त्या मशीनपुढे बसलो. अंबिका सतरा वर्षांची होती, राज्याच्या संघनिवडीला आठ दिवस उरले होते. मी सगळ्या तारा कडक घातल्या आणि साठ पाउंडांच्या ताणावर ओढल्या.

"अप्पा, हात झिणझिणून राहिलाय," ती म्हणाली.

"सवय व्हईल," मी म्हणालो.

निवडीच्या दिवशी तिला कोपर सरळ करता येईना. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं रॅकेट माळ्यावर टाकली. नांदेडला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली. तीन वर्षांपूर्वी तिची आई, उमाबाई, गेली. तेव्हापासून अंबिका कधी आलीच तर सकाळच्या गाडीनं येते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते.

गेल्या उन्हाळ्यात ती पुन्हा खेळायला लागली आणि पहिली रॅकेट माझ्याकडे पाठवली. नांदेडात गटिंग करणारे नाहीत का? आहेत. त्या दिवशी मी दुकान अर्ध्यातच बंद केलं.

मग माझे प्रयोग सुरू झाले. आधी तिनं लिहिल्याप्रमाणे उभ्या कडक आणि आडव्या मऊ घातल्या, मग उलटं करून पाहिलं. दुकानामागच्या भिंतीवर जुन्या रॅकेटनं स्वतः चेंडू मारले. उभ्या तारा मऊ असल्या की धक्का कमी बसतो, हे मला माझ्याच म्हाताऱ्या कोपरानं सांगितलं. अंबिकानंही लिहिलं, 'ही जोडी बरी आहे. हीच ठेवा.' तेवढ्यावर मी आठवडा काढला.

पण पन्नास ओढायला माझा हात धजेना. मी अठ्ठेचाळीसवर थांबायचो आणि दांड्यावरच्या चिकटपट्टीवर मात्र 'पन्नास' लिहायचो. पुढच्या चिठ्ठीत तिनं बावन्न मागितले. मग चोपन्न. मग छप्पन. ही पोरगी पुन्हा कोपर मोडून घेणार! मी प्रत्येक वेळी अठ्ठेचाळीसच ओढले आणि पट्टीवर तिला हवा तो आकडा लिहिला.

गेल्या मंगळवारी तिचा फोन आला.

"अप्पा, रविवारी फायनल हाय माझी. एक विचारू? रागावणार न्हाई ना?"

"विचार की."

"मशीन नीट हाय का? छप्पन लिहिलं तरी तारा सैल लागतात, चेंडू लाइनच्या बाहेर उडून राहिलाय."

मी सगळं सांगून टाकलं.

"मला वाटलं, तुमचा हात थकला," ती म्हणाली. "तसं बोलले तर तुम्हाला वाईट वाटंल म्हणून नुसता आकडा वाढवून राहिले होते. मला पहिल्यापासून पन्नासच पाहिजे होते, अप्पा."

"तुझ्या कोपराचं भ्या वाटतंय गं. तव्हा मीच..."

"ते मी कव्हाच सोडून दिलंय. तुम्हीच धरून बसलात."

मला म्हणायचं होतं, तूच ये, समोर बस, मी ओढतो. त्याऐवजी, तार नुसती पडून राहिली तरी सैल होते, गाडीत ताण किती उतरेल काय माहीत, असं काहीबाही बोलत राहिलो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "फायनल झाल्यावर येते. सुट्टी मिळाली तर मुक्कामाला."

बुधवारी रॅकेट आली. एकटीच. चिठ्ठीत दोनच शब्द होते, 'खरे पन्नास.' मी खरे पन्नास ओढले आणि पट्टीवरही तेच लिहिलं. संध्याकाळच्या गाडीनं रॅकेट परत गेली.

घरी आलो आणि आतल्या खोलीतली अंबिकाची बाज अंगणात काढली. पायथ्याची दोरी सोडून पुन्हा आवळत बसलो. तीन वर्षांत तिच्यावर कुणी झोपलं नव्हतं, तरी ती सैल झाली होती.