कोरडी शिंक

मी रुमाल बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण आत्ता मी एका माणसाच्या खिशात आहे आणि तो माणूस भारी संशयी आहे.

तसा मी जन्माने रुमाल नाही. आधी मी एका पांढऱ्या शर्टाची पाठ होतो. शर्ट कुलूपवाल्याचा. रस्त्याला लागून त्याचं चाव्या-कुलपांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर घर. शर्टाची कॉलर विरली तेव्हा त्याच्या बायकोने पाठीचा धड उरलेला भाग कापून घेतला, कडा दुमडून मशीनवर शिवल्या आणि मला स्वतःच्या अॅप्रनच्या खिशात टाकलं. ती लोकांचे पडदे शिवून देते. घरात तिला सगळे आईच म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणतो.

पाठ म्हणून काढलेले दिवस काही वाया गेले नाहीत. गिऱ्हाईक तोंडावर "वा, काय चावी बनवलीत!" म्हणायचं आणि मालक वळला की तोंड वाकडं करायचं. त्याला ते कधी दिसलं नाही, मला रोज दिसायचं. तेव्हापासून माझा स्वभाव जो संशयी झाला तो झालाच. मालकाचंही तेच. कुलूप लावून ओढून बघणार, चार पावलं जाऊन परत येणार आणि पुन्हा ओढून बघणार.

पण मला सगळ्यात जास्त संशय वाटतो तो वसंत ऋतूचा. लोक त्याचं किती कौतुक करतात! मला मात्र त्याचं येणंच खटकतं. सरळ दारातून आलाय असं कधी होतच नाही. आधी खिळ्यांना टांगलेल्या चाव्या हाताला गार लागेनाशा होतात. मग खिडकीतलं ऊन सरकत सरकत शिलाई मशीनच्या पायापर्यंत पोचतं. स्वेटर ट्रंकेत जातात, पांघरुणं गच्चीवर पडतात, चिमण्या दुकानातले तारेचे तुकडे पळवायला लागतात. आणि दुकानासमोरचं झाड, थंडीभर नुसत्या काटक्या घेऊन उभं असलेलं, त्याला मिरीएवढ्या कळ्या धरतात. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध नाही असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

कळ्या उमलल्या की पांढऱ्या घोसांतून पिवळी पूड उडते, खिडकीच्या चौकटीवर बसते आणि आईच्या नाकात जाते. मग माझा हंगाम सुरू. सकाळपासून शिंका. आई मला खिशातून ओढते, चुरगाळते, नाकाला लावते, परत कोंबते. त्यात काही नाजूकपणा नसतो. रडण्याचं तसं नाही. रडताना ती माझी नीट चौघडी घालते आणि एक कोपरा डोळ्याखाली हलकेच दाबून धरते. दोन्हीचं पाणी मी प्यायलेलं आहे, मला कुणी फसवू शकत नाही.

यंदा त्यांच्या मुलीला, चिंगीला, नोकरी लागली. लांबच्या शहरात, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. बापाच्या दुकानात बसून कुलपं खोलता खोलता पोरीला यंत्रांची गोडी लागली होती. नोकरी मनासारखी, पण जायला पाय निघत नव्हता. जेवताना तिने सांगूनच टाकलं,

"आई, मी निघताना तू रडलीस ना, तर मी जाणारच नाही. आधीच सांगून ठेवते."

"मी कशाला रडू? उलट घर आवरलेलं राहील," आई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

तिने नळ सोडला, पण खाली भांडं धरलं नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तेवढ्यात तिने मला बाहेर काढलं, चौघडी घातली आणि कोपरा डोळ्याखाली दाबला.

चिंगी मागून आलीच. "आई, डोळे का लाल गं?"

"आँ... छी! काही नाही, ते झाड. सुरू झालं बघ त्याचं."

शिंक कोरडी होती. मी नाकासमोरच होतो, मला विचारा. शिवाय खिडकीतून मी झाड बघितलं. कळ्या घट्ट मिटलेल्या, एकही मधमाशी फिरकली नव्हती, चौकटीवर पुडीचा कण नव्हता. मग हे पाणी कसलं? कुठेतरी पाणी मुरतंय असं माणसं म्हणतात. इथे ते माझ्यातच मुरत होतं.

तिथून पुढे रोज तेच चाललं. चिंगी कपड्यांच्या घड्या करायला बसली की आईला शिंक. तिने प्रवासाची बॅग पलंगाखालून ओढली की शिंक. मला वाईट वाटत होतं, पण रुमालाचं कोण ऐकतं? आणि आईच्या खोटेपणामागे काय आहे ते मला कळत होतं. पोरगी थांबली तर जन्मभर कुलपंच खोलत बसेल, ही तिची धास्ती होती.

झालं भलतंच. चिंगी बापाकडे गेली.

"बाबा, मी गेल्यावर आईला दर वर्षी असा त्रास होणार. तुम्ही ते झाड काढून टाका ना."

"मला त्या झाडाचा पहिल्यापासून संशय आहे," कुलूपवाला म्हणाला. झाडामुळे त्याच्या दुकानाची पाटी झाकली जायची, तो राग जुनाच होता. त्याने पटापट परवानगी काढली आणि करवतवाल्याला बोलावलं. आईने "राहू द्या हो, कशाला?" एवढं म्हणून पाहिलं. "तुझ्यासाठीच चाललंय," असं उत्तर मिळालं. खरं बोलावं तर पोरगी थांबणार, गप्प बसावं तर झाड जाणार.

नेमकं त्याच सकाळी झाड उमललं. वरच्या फांद्यांवर पांढरे घोस, आणि कुठून खबर लागली देव जाणे, मधमाश्या हजर. करवतवाल्याने शिडी लावली. पहिली फांदी कडकड करत रस्त्यावर आली तेव्हा तिच्यावरची अर्धीअधिक फुलं अजून कळ्याच होत्या. आईच्या मुठीत माझा बोळा झाला.

"थांबा!" ती खिडकीतून ओरडली आणि तशीच अॅप्रन घालून खाली धावली.

"अगं, तुला त्रास होतो म्हणूनच ना?" कुलूपवाला म्हणाला.

"झाड आज उमललंय, माझे डोळे कधीपासून लाल आहेत? कुणी बघितलं का? मी रडतेय. झाडाचा काही दोष नाही."

चिंगी दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिचा चेहरा पडला. "मग मी नाही जात."

"जायचं!" आईचा आवाज चढला. "मी रडणार आणि तू जाणार. मी रडले म्हणजे तुला थांब म्हटलं, असं कुणी सांगितलं तुला? इतके दिवस खोट्या शिंका काढून नाक दुखायला लागलंय माझं."

चिंगीला हसावं की रडावं कळेना. तिने आधी एक केलं, मग दुसरं, आणि आईच्या गळ्यात पडली. मी दोघींच्या मध्ये सापडलो. कुठलं पाणी कुणाचं ते मला पहिल्यांदाच सांगता येईना.

शिडीवरून करवतवाल्याने विचारलं, "मी वर चढू का खाली येऊ?"

"खाली ये बाबा, खाली ये," कुलूपवाला म्हणाला. "मला आधीच संशय होता."

"तुम्हाला कशाचा नसतो!" आई म्हणाली.

आज दुपारी चिंगी गेली. आई बस सुटेपर्यंत मोकळेपणाने रडली, आणि चिंगीही खिडकीतून डोळे पुसत हात हलवत गेली. परत येताना आईला झाडाखाली सणसणीत शिंक आली. ही अस्सल होती, मी खात्री करून घेतली.

मग कुलूपवाल्याने दुकान उघडलं. बराच वेळ एकच कुलूप हातात घेऊन बसला. चावी त्यातच होती, पण ती फिरवायचं काही त्याच्याने होईना. शेवटी वर न बघता म्हणाला,

"जरा तुझा तो रुमाल दे गं. मलाही त्या झाडाचा त्रास सुरू झालेला दिसतोय."

आईने मला त्याच्या हातात ठेवलं आणि पडदे शिवायला वर निघून गेली.

एके काळी मी या माणसाच्या पाठीवर होतो. त्याचे डोळे इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. आता त्याच्या खिशात बसलोय, चांगलाच ओला आहे, आणि त्याला अजून एकही शिंक आलेली नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. फुलांच्या दिवसांत कुणी रुमाल मागितला तर देऊन टाका. कारण विचारू नका. ते आमचं आम्ही बघून घेऊ.